पाण्यातला आवाज आणि आनंदनगरचं रबर

अंबरनाथ पूर्वेहून बदलापूरकडे निघालं की अतिरिक्त अंबरनाथ एमआयडीसी लागते. बोलताना सगळे तिला आनंदनगरच म्हणतात. केमिकलच्या कंपन्या, इंजिनिअरिंगचे गाळे, शिफ्ट सुटताना वडापावच्या गाड्यांभोवती होणारी गर्दी आणि वळणावर अडकून पडलेला एखादा कंटेनर, असा हा परिसर. याच आनंदनगरात शीळ-बदलापूर रस्त्यावर नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी, म्हणजे एनएमआरएल, ही डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. तिचं मूळ 1953 साली मुंबईत नौदलासाठी सुरू झालेल्या रसायन आणि धातू प्रयोगशाळेत आहे. इथून समुद्र दिसत नाही, खारा वारा येत नाही. आसपासचं मोठं पाणी म्हणजे बारवी धरण. तरी नौदलाच्या जहाजांना आणि पाणबुड्यांना लागणारे रंग, रबर, पॉलिमर, गंज रोखणारे लेप, इंधनघट यांवर इथे काम चालतं. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहता यावं म्हणून इथल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या इंधनघटाच्या यंत्रणेची जमिनीवरची चाचणी मार्च 2021 मध्ये यशस्वी झाली, तेव्हा एनएमआरएलचं नाव वर्तमानपत्रांत आलं होतं.

रबराच्या वाट्याला अशी प्रसिद्धी येत नाही. पण आवाज आणि कंपनं शोषून घेणारं रबर हे पाणबुडीच्या दृष्टीने इंधनाइतकंच महत्त्वाचं. समुद्रात पाणबुडी शोधतात ती डोळ्यांनी नव्हे, आवाजाने. आणि पाण्यातल्या आवाजाचं सगळं शास्त्र शेवटी एका ठिकाणी येऊन थांबतं: आवाज एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना त्या सीमेवर काय होतं? पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधायचं यंत्र, म्हणजे सोनार, ज्याने प्रत्यक्षात आणलं, तो पॉल लांजव्हँ हा फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ. सोनारचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नाही, मात्र त्याने बनवलेली वस्तू आनंदनगरच्या गाळ्यांमध्ये रोज वापरात आहे. तिच्याकडे येऊच.

प्रकाश समुद्रात दोनेकशे मीटरच्या खाली जवळपास संपतो. नेहमीच्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात काही मीटरही धड जात नाहीत. आवाज मात्र मैलोन् मैल जातो, आणि हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो: हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर, समुद्राच्या पाण्यात सुमारे 1500. जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून कोलाडों या शास्त्रज्ञाने 1826 साली हा वेग मोजला होता. पण पुढची पंचाऐंशी वर्षं त्याचा मोठा उपयोग कुणी केला नाही. एप्रिल 1912 मध्ये टायटॅनिक हिमनगावर आदळून बुडालं आणि समुद्रात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकायचा, अडथळा आधीच ओळखायचा, ही कल्पना एकदम तातडीची झाली. इंग्लंडमध्ये लुईस रिचर्डसनने त्याच वर्षी पेटंटसाठी अर्ज केले. अमेरिकेत रेजिनाल्ड फेसेंडेनने 1914 मध्ये हिमनगावरून आलेला प्रतिध्वनी प्रत्यक्ष पकडला. मग महायुद्ध आलं. 22 सप्टेंबर 1914 रोजी एका जर्मन पाणबुडीने दोन तासांच्या आत ब्रिटनच्या तीन क्रूझर बुडवल्या, सुमारे 1450 माणसं गेली, आणि हिमनग बाजूला राहून पाणबुडी हाच मुख्य विषय झाला.

लांजव्हँ तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. 1872 मध्ये पॅरिसला जन्म, साधं घर. सोळाव्या वर्षी तो शहरातल्या भौतिकी आणि रसायन शिकवणाऱ्या औद्योगिक शाळेत दाखल झाला, तिथे प्रयोगशाळेत त्याला शिकवायला होते पिअरे क्युरी. पुढे केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांच्या हाताखाली एक वर्ष, तिथे रदरफर्डची दोस्ती. 1905 साली त्याने पदार्थांच्या चुंबकत्वाचा असा सिद्धांत मांडला की तो आजही पदवीच्या वर्गात शिकवतात. सापेक्षतावादातलं जुळ्या भावांचं कोडं, म्हणजे अवकाशात वेगाने फिरून आलेला कमी म्हातारा होतो हे, ज्या रूपात आपण ऐकतो त्याचा उगम त्याच्या 1911 मधल्या व्याख्यानात आहे. आपण मांडला नसता तर विशिष्ट सापेक्षतावाद लांजव्हँने मांडला असता, अशा अर्थाचं आइन्स्टाइनने त्याच्या मृत्यूनंतर लिहिलं. थोडक्यात, हा माणूस फळ्यावरचा. आवाज हा त्याचा विषयच नव्हता. मला वाटतं हेच त्याच्या पथ्यावर पडलं. पाण्यात घंटा आणि भोंगे वाजवणाऱ्यांच्या सवयी त्याला लागलेल्या नव्हत्या.

1915 च्या सुरुवातीला कॉन्स्टँटिन शिलोव्स्की या रशियन अभियंत्याने फ्रेंच सरकारकडे एक प्रस्ताव पाठवला: माणसाला ऐकू न येणारा, फार वरच्या कंपनसंख्येचा आवाज पाण्यात सोडा. प्रस्ताव लांजव्हँकडे आला. सोनारच्या गोष्टीत शिलोव्स्कीचं नाव नंतर मागे पडलं, ते अन्यायाचंच आहे. 1916 चं पेटंट दोघांच्या नावावर आहे.

न ऐकू येणारा आवाज कशाला, हे नुसत्या भागाकाराने कळतं. वेगाला कंपनसंख्येने भागलं की तरंगलांबी मिळते. सेकंदाला हजार कंपनांचा आवाज पाण्यात दीड मीटर लांबीच्या लहरींनी जातो. त्याला एका दिशेने झोतासारखा सोडायचा तर उगमाची तबकडी लहरीच्या कित्येक पट रुंद हवी, म्हणजे जहाजाला पाच-दहा मीटरचं ताट बांधा. तेवढं केलं नाही तर आवाज चारी दिशांना पांगतो, आणि प्रतिध्वनी आला तरी तो कुठून आला ते कळत नाही. तेच सेकंदाला चाळीस हजार कंपनं केली की लहर पावणेचार सेंटिमीटरवर येते. आता वीतभरापेक्षा थोडी मोठी तबकडी पुरते, झोत बऱ्यापैकी अरुंद होतो.

पण चाळीस हजार वेळा हलणार काय? सुरुवातीला अभ्रकाचा पातळ पापुद्रा आणि त्यावर विजेचा दाब अशी रचना करून सीन नदीत प्रयोग झाले. ऐकायला कोळशाच्या भुकटीचा मायक्रोफोन. संदेश पोचत होता, जवळच्या वस्तूवरून प्रतिध्वनीही येत होता, पण सगळं नाजूक. अभ्रक फाटायचं, मायक्रोफोन रुसायचा. इथे लांजव्हँला आपल्या गुरूंची आठवण झाली. पिअरे क्युरी आणि त्यांचा भाऊ जाक यांनी 1880 मध्ये दाखवलं होतं की क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो. आणि पुढच्या वर्षी उलटही सिद्ध केलं, वीज दिली की स्फटिक किंचित फुगतो किंवा आक्रसतो. क्युरी 1906 मध्ये पॅरिसच्या रस्त्यात घोडागाडीखाली सापडून गेले होते. त्यांचा शोध पस्तीस वर्षं प्रयोगशाळेतलं मोजमापाचं साधन बनून पडून होता.

फुगतो म्हणजे किती? एक हजार व्होल्ट दिले तर सुमारे सव्वादोन नॅनोमीटर. म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-अडीच. एवढ्याशा हालचालीने समुद्र हलवायचा होता. उपाय एकच, अनुनाद. स्फटिकाची जाडी आवाजाच्या अर्ध्या तरंगलांबीइतकी ठेवली की प्रत्येक धक्का आधीच्या धक्क्यात मिसळत जातो आणि हालचाल कित्येक पटींनी वाढते. क्वार्ट्झमध्ये आवाज सेकंदाला साडेपाच हजार मीटरच्या वर धावतो. चाळीस हजार कंपनांसाठी सात सेंटिमीटर जाडीचा अखंड, निर्दोष क्वार्ट्झ लागला असता. तसला स्फटिक मिळणं मुश्कील, आणि मिळाला तरी इतक्या जाडीला पुरेल एवढा विजेचा दाब आणायचा कुठून?

लांजव्हँची खरी हुशारी या पुढच्या पायरीत आहे. क्वार्ट्झ आणि पोलाद यांत आवाजाचा वेग जवळपास सारखाच आहे. मग सगळी जाडी क्वार्ट्झचीच कशाला? त्याने क्वार्ट्झचे छोटे तुकडे फरशीसारखे शेजारी शेजारी लावून चार मिलिमीटरचा थर केला आणि वरून-खालून तीन-तीन सेंटिमीटरची पोलादी तबकडी चिकटवली. विजेच्या दृष्टीने क्वार्ट्झ चार मिलिमीटर, त्यामुळे थोड्या व्होल्टेजमध्ये भागतं. आवाजाच्या दृष्टीने मात्र तो साडेसहा सेंटिमीटरचा एकच ठोकळा, चाळीस हजारांना बरोबर जुळणारा. हाच ठोकळा बोलतो आणि हाच ऐकतो. त्याला नव्याने आलेल्या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरची जोड मिळाली आणि 1918 च्या सुरुवातीला फ्रान्सच्या तुलों बंदराजवळ किलोमीटरभरापेक्षा लांबच्या पाणबुडीवरून स्वच्छ प्रतिध्वनी आला. प्रयोग करताना दिसलं की झोताच्या वाटेत आलेले लहान मासे मरून वर येतात आणि पाण्यात हात घातला तर हाडांपर्यंत कळ जाते. आवाज एवढी ताकद बाळगून असतो हे तोवर कुणी अनुभवलंच नव्हतं.

युद्ध नोव्हेंबरात संपलं. लांजव्हँच्या यंत्राने एकही जर्मन पाणबुडी बुडवली नाही. पण तंत्र ब्रिटिशांकडे गेलं, पुढच्या महायुद्धात अटलांटिकमधली लढाई त्याच्या वारसांनी लढली, आणि शांततेच्या काळात समुद्राची खोली मोजायला त्याचा उपयोग सुरू झाला. रत्नागिरी-मालवणकडच्या ट्रॉलरवर आज जो फिश फाइंडर असतो, तो याच कुळातला.

आता आनंदनगरच्या गाळ्यात. प्लास्टिकचे दोन भाग जोडायचे, म्हणजे चार्जरचं कव्हर किंवा गाडीच्या दिव्याची कड, तर आजकाल गोंद किंवा स्क्रू न वापरता अल्ट्रासॉनिक वेल्डिंग करतात. मशीनवर माणूस खालच्या साच्यात दोन्ही भाग ठेवतो, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबतो, वरून चकचकीत धातूचा हॉर्न खाली येतो, क्षणभर कानाला टोचणारी किंचाळी उठते आणि हॉर्न वर जातो. सेकंदाच्या आत जोड तयार. मशीन सेकंदाला वीस हजार कंपनांचं असतं. आपल्याला ऐकू येते ती प्लास्टिकची आणि साच्याची खडखड. हॉर्नची लांबी जवळपास ठरलेली असते, ती का, हे आता सांगता येईल. अॅल्युमिनियममध्ये किंवा टायटॅनियममध्ये वीस हजार कंपनांच्या आवाजाची अर्धी तरंगलांबी बारा-तेरा सेंटिमीटर भरते. हॉर्नच्या वर कंपन वाढवणारा बूस्टर, त्याच्या वर विजेचं कंपन करणारा कन्व्हर्टर. बिघाड झाला आणि कन्व्हर्टर उघडला तर आत दिसतात सिरॅमिकच्या काळपट कड्या, दोन धातूंच्या मध्ये, जाड बोल्टने घट्ट आवळलेल्या. क्वार्ट्झची जागा सिरॅमिकने घेतली, चिकटवण्याची जागा बोल्टने. बाकी रचना लांजव्हँचीच, आणि कॅटलॉगमध्येही तिला त्याचंच नाव असतं. सराफाच्या दुकानात दागिने धुणाऱ्या पाण्याच्या टाकीच्या बुडाशीही हेच चिकटवलेलं असतं.

सीमेवर आवाजाचं काय होतं, हा मूळ प्रश्न मात्र अजून उरला आहे. कॅरम खेळणाऱ्याला तो पटकन कळेल. एक सोंगटी तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या सोंगटीवर नेमकी समोरून बसली तर दुसरी सगळा वेग घेऊन निघते आणि पहिली जागच्या जागी थांबते. फार जड वस्तूवर बसली तर मागे उडते. पदार्थांच्या बाबतीत वजनाची जागा घेते ती घनता गुणिले आवाजाचा वेग ही संख्या. तिला ध्वनिरोध म्हणू. हवेचा ध्वनिरोध सुमारे 400, पाण्याचा पंधरा लाख, पोलादाचा साडेचार कोटींच्या वर. हवेतून पाण्यावर पडलेल्या आवाजाची जेमतेम हजारावा भाग ऊर्जा आत शिरते, बाकी सगळी परत. पाण्यातून पोलादावर पडली तर अठ्ठ्याऐंशी टक्के परत. म्हणून तर पोलादी पाणबुडी सोनारला दिसते, आणि तिच्या पोटातल्या हवेमुळे आणखीच ठळक दिसते.

याचा रोजचा पुरावा कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये मिळतो. डॉक्टर पोटावर आधी थंडगार जेल लावतात. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये कागदाएवढा हवेचा थर राहिला तरी आवाज तिथूनच परत फिरेल आणि पडद्यावर काही उमटणार नाही. जेल ती हवा हाकलतं. प्रोबमध्येही वीज दिली की फुगणारे-आक्रसणारे सिरॅमिकचे बारीक तुकडेच असतात, फक्त कंपनं सेकंदाला तीस-पस्तीस लाख, त्यामुळे लहर अर्ध्या मिलिमीटरची आणि चित्र तेवढं बारीक.

तर पाणबुडीला लपायचं असेल तर तिच्या अंगावर असा पदार्थ हवा, ज्याचा ध्वनिरोध पाण्याच्या जवळपास आहे. आवाजाला सीमा जाणवलीच नाही तर तो परतणार नाही. रबराची घनता पाण्याहून थोडी अधिक, आणि त्यातल्या आवाजाचा वेग घटक बदलून पाण्याजवळ आणता येतो. सोनारच्या ठोकळ्याला पाणी लागू नये म्हणून जे आवरण घालतात, ते असल्या रबराचं; आवाज त्यातून बिनबोभाट आरपार जातो. पाणबुडीच्या बाहेरच्या रबराला याच्या पुढचं एक काम असतं: आत आलेला आवाज मारायचा. रबराचे रेणू लांबलचक साखळ्यांचे. त्या एकमेकींवर घासतात आणि कंपनाची उष्णता होते. त्यात पोकळ छिद्रं ठेवली की दाबाची लहर छिद्रांभोवतीच्या रबराला वेडंवाकडं ताणते, घर्षण आणखी वाढतं.

जर्मनांनी हे दुसऱ्या महायुद्धात करून पाहिलं. ‘अल्बेरिख’ या नावाने चार मिलिमीटर जाडीच्या, आत छिद्रं असलेल्या कृत्रिम रबराच्या चादरी त्यांनी काही पाणबुड्यांवर लावल्या. आवाज शोषायचं गणित बऱ्यापैकी जमलं, गोंद जमेना. लाटांच्या माराने चादरी सुटायच्या, आणि लोंबणाऱ्या फडक्याचा स्वतःचाच आवाज व्हायचा. रबर बनवणारा रसायनज्ञ, पोलाद घासून तयार करणारा आणि चिकटवणारा, या तिघांचं एकत्र जमलं तरच ध्वनिशास्त्राला काही अर्थ उरतो. पदार्थांच्या प्रयोगशाळेला ध्वनीच्या कामात पडावं लागतं ते यामुळे.

आपल्या समुद्रात आणखी एक भानगड आहे. अरबी समुद्राचं वरचं पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास, दोनशे मीटर खाली ते पंधराच्या घरात उतरतं. गरम पाण्यात आवाज वेगाने जातो, थंडात हळू. त्यामुळे वरच्या जहाजाने सोडलेला झोत सरळ न जाता खाली वाकतो आणि काही अंतरापुढे जवळपास सावलीच पडते. त्या सावलीत पाणबुडी निवांत बसू शकते. लपलेली पाणबुडी काय करू शकते ते आपण पाहिलं आहे: 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. हँगोर फ्रेंच बनावटीची होती. आज माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आपल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांचा आराखडाही फ्रेंचच आहे.

लांजव्हँचं स्वतःचं पुढचं आयुष्य पाण्यापासून लांब गेलं. 1924 मध्ये आपल्या विद्यार्थ्याचा, लुई द ब्रॉयचा, विचित्र वाटणारा प्रबंध त्याने आइन्स्टाइनकडे धाडला, आणि पदार्थलहरींची कल्पना जगापुढे आली. त्याच वर्षी पॅरिसला आलेल्या सत्येंद्रनाथ बोस यांना तिथल्या प्रयोगशाळांची दारं त्याच्या ओळखीने उघडली. तो फॅसिझमच्या विरोधात उघडपणे उभा राहिला, आणि पॅरिस पडल्यावर ऑक्टोबर 1940 मध्ये जर्मनांनी त्याला पकडून तुरुंगात टाकलं, मग त्रॉय गावात नजरकैदेत ठेवलं. जावई जाक सोलोमों, तोही भौतिकशास्त्रज्ञ, 1942 मध्ये गोळ्या घालून मारला गेला. मुलगी एलेन आउश्वित्झला पाठवली गेली; ती जिवंत परतली. लांजव्हँ 1944 मध्ये निसटून स्वित्झर्लंडला पोचला. पॅरिस मुक्त झाल्यावर परत येऊन त्याने फ्रान्सच्या शालेय शिक्षणाचा नवा आराखडा करायला घेतला आणि डिसेंबर 1946 मध्ये गेला. दोन वर्षांनी त्याचे अवशेष पॅरिसच्या पॅन्थिऑन या थोरांच्या समाधिस्थळी नेण्यात आले. पिअरे क्युरींच्या पत्नी मारी क्युरी यांच्याशी 1911 मध्ये जोडल्या गेलेल्या त्याच्या नावाबद्दल आजही जितकं लिहिलं जातं, त्याच्या निम्मंही या वर्षांबद्दल लिहिलं जात नाही.

त्याने कंपनसंख्या वर नेली. आताचे सोनारवाले ती पुन्हा खाली आणत आहेत. कमी कंपनांचा आवाज पाण्यात फार लांब जातो आणि रबराला दाद देत नाही. चाळीस हजारांच्या पावणेचार सेंटिमीटरच्या लहरीला पातळ थर पुरतो, पण हजार कंपनांच्या दीड मीटरच्या लहरीसमोर तोच थर नसल्यासारखा. जाडी वाढवत नेली तर वजन वाढतं, पाणबुडीचा तोल बिघडतो. शिवाय दर दहा मीटरला एक वातावरण या हिशेबाने तीनशे मीटर खाली तीस वातावरणांचा दाब येतो, त्याखाली रबरातली छिद्रं चपटी होतात आणि वरच्या पाण्यात उत्तम चाललेलं आवरण खाली निम्म्यानेही काम करत नाही. थंडीने रबर ताठरतं ते वेगळंच. कडक करावं तर आवाज शोषत नाही, मऊ ठेवावं तर दाबाने बसतं. छिद्रांचा आकार, रबरात मिसळायची भुकटी, एकावर एक ठेवायचे वेगवेगळ्या कडकपणाचे थर, आणि मिठाच्या पाण्यात वर्षानुवर्षं न सुटणारा गोंद, यांचे प्रयोग जगभरच्या नौदलांच्या प्रयोगशाळांमध्ये अजून चालू आहेत. त्यांचे आकडे सहसा कुणी छापत नाही.